कुजबुजीची संध्याकाळ

“तुम्ही दोघंच घरात असता तेव्हा काय करता?”

हा प्रश्न माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्या मैत्रिणींचा, दासोम आणि ग्युरीचा. मधल्या सुट्टीत आम्ही तिघी शिडीचा खेळ खेळलो. कागदावर वर तीन नावं लिहायची, खाली तीन शिक्षा, मधे उभ्याआडव्या रेघा मारायच्या आणि आपलं नाव रेघेरेघेने घसरत कुठे जाऊन आदळतं ते बघायचं. माझं नेमकं या प्रश्नावर आदळलं. गेल्या वर्षीची मी असते तर घरी जाऊन गप्प बसले असते आणि दुसऱ्या दिवशी ‘विचारलं की’ म्हणून थाप मारली असती. पण मार्चपासून मी शाळेच्या ध्वनिक्षेपकावर रोज दुपारच्या सूचना वाचते. आठशे पोरं माझा आवाज ऐकत जेवतात. एवढं झाल्यावर माणूस आईबापाला कशाला घाबरेल?

आई जेवणाच्या टेबलाशी बसून मोड आलेल्या सोयाबीनची शेपटं खुडत होती. तिने मान वर केली नाही.

“दमतो,” ती म्हणाली. तेही कुजबुजत.

समोर बसलेल्या बाबांनी विचारलं की पोरगी काय म्हणतेय. ते इतक्या मोठ्याने विचारलं की शेजारच्यांच्या कुत्र्याने भिंतीपलीकडून उत्तर दिलं. आईने लगेच ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे बघितलं. सात वाजले होते. सात म्हणजे माझ्या अभ्यासाची वेळ. बाबांनी चुकलेल्या मुलासारखा तोंडावर हात धरला. मी माझ्या खोलीत गेले, दार लावलं, आणि घरात नेहमीसारखी शांतता पसरली. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर ऐकून ग्युरी हसून हसून बाकावर आडवी झाली. दासोमला मात्र ते उत्तर फार खोल वाटलं. तिला सगळंच खोल वाटतं.

आता माझ्या आईबाबांबद्दल. माझे बाबा सात वर्षं दक्षिणेकडच्या बेटावर, जहाजं बांधतात तिथे, पत्र्यावरचा गंज यंत्राने घासून काढायचं काम करत होते. शुक्रवारी उशिरा यायचे, रविवारी दुपारच्या बसने जायचे. आई इथे वोन्जू शहरात एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात. तिच्याबरोबरच्या बायका तिला चिडवायच्या, की बाई, शनिवार-रविवारचा नवरा मिळायला तीन पिढ्यांची पुण्याई लागते, तुझ्या आजीने काय दानधर्म केला होता ते आम्हालाही सांग. आई हसायची. पण रोज संध्याकाळी सातला ती दोन घास वाढून घ्यायची आणि बार्लीच्या पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून ठेवायची. फोनमध्ये बाबा असायचे, त्यांच्या खोलीवरच्या स्टुलावर, त्यांचा रस्साभात घेऊन. दोघं असे समोरासमोर जेवायचे. मी तेव्हा लहान होते आणि मला वाटायचं, नवराबायको म्हणजे एवढंच असतं: एक माणूस आणि एक बाटली.

मार्चमध्ये बाबा कायमचे परत आले. दोन बसथांब्यांवर ज्या उंच इमारती आहेत त्यांच्या बॉयलरघरात त्यांना काम मिळालं. एक दिवस सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चोवीस तास कामावर, मग चोवीस तास घरी. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: एक बॅग, आणि कानातली भणभण. सात वर्षं पत्र्यावर यंत्र चालवल्यावर कान राहतात, पण अर्धेच. हळू बोललेलं त्यांना कळत नाही. आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून ते बोलतात ते बेटावरून हाक मारल्यासारखं.

त्याच मार्चमध्ये मी अकरावीत गेले. म्हणजे पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात माझी मोठी परीक्षा. ज्या घरात परीक्षेला बसणारं पोर असतं तिथे कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. परीक्षेच्या दिवशी तर इंग्रजीचं ऐकून उत्तरं लिहायचं सुरू झालं की आकाशात विमानंसुद्धा खाली उतरत नाहीत, वरच घिरट्या घालत थांबतात. आमच्या घराने वीस महिने आधीपासूनच विमानं थांबवली होती. टीव्हीवर आईने विणलेलं कापड पडलं. मिक्सर चालायचा तो मी शाळेत असताना. बाबांनी दाराच्या कुलुपाचा टुंगटुंग आवाज स्वतः बंद केला आणि खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले. मी काही मागितलं नव्हतं. खरं तर मला गोंगाटातच पाठ होतं, सूचना मी बसमध्ये पाठ करते. पण कुणी विचारलं नाही, आणि आपल्यासाठी एवढं केलंय म्हटल्यावर मीही काही बोलले नाही.

तर असं चाललं होतं. मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेटावरून मुकादमाचा फोन आला.

बाबा बोलायला गॅलरीत गेले, मधलं काचेचं दार लावलं, पाठ केली. तरी मला सगळं ऐकू आलं. नव्या पोरांना काम शिकवायला जुना हात हवा होता. दोन वर्षं. शुक्रवारी दुपारपर्यंत काय ते सांग, म्हणाले. जेवताना बाबांनी आईला ते सांगितलं, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात. आईने त्यांच्या ताटात मासळीचा तुकडा ठेवला.

“तुम्हाला बरं वाटेल ते करा,” ती कुजबुजली.

बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग म्हणाले, “हं.”

 सात वर्षं गेली होती आणि सात महिने मिळाले होते, आणि ही दोन माणसं मासळीवरून एकमेकांकडे बघून ‘हं’ म्हणत होती. मला बाबा हवे होते. पण फक्त मला हवे असून भागणार नाही, हे सोळाव्या वर्षी कळतं. आईला ते हवे असायला पाहिजेत, आणि ते त्यांना दिसायला पाहिजे.

दासोमने उपाय काढला. तिच्या फोनवर एक यादी होती, ‘एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी घरच्या घरी रोमँटिक संध्याकाळ’. एकवीस कल्पना. आम्ही जिन्यात बसून वाचल्या. जमिनीवर चादर टाकून घरातच सहल. एकमेकांचे पाय गरम पाण्यात. दिवे घालवून नाच. सहाव्या क्रमांकावर होतं, आज पहिल्यांदाच भेटतोय असं वागा, एकमेकांना ओळखतच नाही असं समजा.

“आमच्याकडे ते रोजच चालू आहे,” मी म्हटलं.

“मग मेणबत्ती,” ग्युरी म्हणाली. “मेणबत्तीत सगळेच बरे दिसतात. आमचे गणिताचे सरसुद्धा दिसतील.”

मंगळवारी बाबा घरी असणार होते. मंगळवार ठरला.

शाळेतून येताना मी दोन जाड मेणबत्त्या, दुधाची साय आणि शिंपले घेतले. परदेशी पद्धतीच्या नूडल्स करायच्या होत्या. बाबा सकाळी कामावरून आले होते, तीन तास झोपले होते, मग उठून त्यांनी मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा केला होता. त्यांना मी आतेभावाच्या लग्नातला शर्ट घालायला लावला. ते काही विचारत नाहीत. त्यांना वाटलं असेल, शाळेचा काही प्रकल्प आहे.

आई साडेसहाला आली. ती दारात आली की आधी वास येतो, तळणीच्या तेलाचा आणि त्याच्या मागून दुखण्यावरच्या पट्टीचा. तिने टेबलाकडे बघितलं. दोन ताटं, दोन काटे, मधे मेणबत्ती, दिवे घालवलेले.

“वीज गेलीय?” तिने कुजबुजत विचारलं.

मी तिला सांगितलं की ही तुमची संध्याकाळ आहे, बाबांची आणि तुझी, एकत्र राहणारी माणसं अशी संध्याकाळ करतात, आणि तू आज चुलीकडे फिरकायचं नाहीस. ती पायमोजे काढता काढता थांबली. दिवसभर सहाशे पोरांचा रस्सा फावड्याएवढ्या पळीने ढवळून आलेली बाई. तिच्या तोंडावर जे आलं ते ‘अगं बाई, किती छान’ नव्हतं. ते होतं, ‘हे संपल्यावर भांडी किती पडतील?’ पण ती बसली. आमच्याकडे मुलांनी काही केलं की आईबाप बसतात.

“मी नाहीच असं समजा,” मी म्हटलं. “मी कानात हेडफोन घालून अभ्यास करतेय.”

इथेच मी माती खाल्ली. पण ते मला बुधवारपर्यंत कळायचं नव्हतं.

हेडफोन घातले, त्यात काही लावलं नाही, आणि दार तीन बोटं उघडं ठेवून उभी राहिले.

सुरुवातीला ते नुसते जेवत होते. काटा ताटाला लागून आवाज होईल म्हणून दोघंही नूडल्स अशा उचलत होते जसा डोळ्यात गेलेला पापणीचा केस काढावा. मग आई हळूच बोलू लागली. तिच्याबरोबरची बाक आडनावाची बाई गुडघ्यांपायी काम सोडतेय, असं सांगत होती. बाबा हसले. मग आईने दुसरं काही सांगितलं, बहुतेक तिच्या बहिणीबद्दल. बाबांनी मान हलवली, जरा उशिराने. मेणबत्तीच्या उजेडात ते दोघं बरे दिसत नव्हते. डोळ्यांखालच्या सावल्या फक्त मोठ्या झाल्या होत्या.

 मग आईने काटा ठेवला. मेणबत्तीकडे बघत, त्यांच्याकडे नाही, ती म्हणाली,

“जाऊ नका ना.”

मला दाराआडून ऐकू आलं.  मी आईला उभ्या जन्मात काही मागताना ऐकलेलं नाही.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मान हलवली. “हं,” म्हणाले, आणि नूडल्सचा पुढचा घास घेतला.

 आई उठली, फ्रिजमधून किमचीचा, कोबीच्या आंबट-तिखट लोणच्याचा, डबा काढला, कारण त्या सायीच्या नूडल्स तशा कुणाच्याच घशाखाली उतरत नव्हत्या, आणि बाबांना वाढली. जेवण झाल्यावर ती पाठ करून बसली, सदऱ्याची कड वर केली, आणि बाबांनी तिच्या खांद्यामागे नवी पट्टी लावली, तळव्याने दाबून. एकवीस कल्पनांमध्ये हे नव्हतं. आठ वाजून दहा मिनिटांनी बाबा लग्नाच्या शर्टात, बसल्या जागी झोपले होते. आईने सिंकमध्ये टॉवेल अंथरून त्यावर भांडी घासली, एकेक, नळाची धार दोऱ्याएवढी ठेवून. मेणबत्ती तिने चिमटीने विझवली. फुंकरीचासुद्धा आवाज होतो ना.

सकाळी मी बूट घालत होते तेव्हा बाबाही कामावर निघाले होते. लिफ्टची वाट बघताना ते म्हणाले की शुक्रवारी मुकादमाला हो म्हणून टाकतो.

“तुझी परीक्षा होईपर्यंत घर शांत राहील,” ते म्हणाले. “मी असलो की माझ्या पावलांचाच आवाज. आई सारखी घाबरून असते, बघ ना.”

आणि मी काही बोलले नाही. आठशे पोरांना सूचना वाचणारी मी. लिफ्ट आली, आम्ही आत शिरलो, आणि नवव्या मजल्यापासून खालपर्यंत मी आकड्यांकडे बघत राहिले. आईने सांगूनही जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

ग्युरीला सगळं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली नाही. “ऐकून घेऊन वर नूडल्स खाल्ल्या?” एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी हरवलेल्या छत्र्यांची सूचना वाचताना दोनदा चुकले.

बुधवारी माझी संध्याकाळची शिकवणी असते. पण सरांची अक्कलदाढ काढली होती, त्यामुळे शिकवणी नव्हती, आणि ते मी घरी कळवायला विसरले. सातच्या सुमारास पोचले. कुलपाचे आकडे दाबले. आवाज आला नाही, कारण बाबांनी तो बंद केलेला. दार उघडलं आणि मला वाटलं मी चुकून दुसऱ्यांच्या घरात शिरले.

टीव्ही चालू होता. विणलेलं कापड बाजूला पडलं होतं. आणि आतून कुणीतरी हसत होतं, पोट धरून, मधे श्वास घेताना घशातून शिट्टी वाजते तसं. मी हातात बूट घेऊन दारातच उभी राहिले. ती आई होती.

तिच्यासमोर बार्लीच्या पाण्याची बाटली होती आणि बाटलीला फोन टेकवलेला. फोनमध्ये बाबा, मागे बॉयलरघरातले नळ, मांडीवर डबा. फोनचा आवाज इतका मोठा की घरात बाबा असते तरी एवढा झाला नसता. तीनशे दोन नंबरच्या म्हाताऱ्याने नळातून गरम पाणी येत नाही म्हणून तक्रार केली, बाबा जिने चढून गेले, तर म्हाताऱ्याला पाणी नकोच होतं, त्याला पत्ते खेळायला माणूस हवा होता. आणि बाबा हरले होते. आई त्यांना टोमणे मारत होती, मोठ्याने, पूर्ण आवाजात, की सात वर्षं बेटावर राहून एवढंही शिकला नाहीत? बाबा म्हणत होते, तू येऊन खेळ, तो तुझ्याकडूनही जिंकेल आणि वर दोन वाट्या रस्सा करून घेईल. मग बाकबाईंचे गुडघे निघाले. बाबांना त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. आईने काल सांगितलेलं सगळं परत सांगितलं आणि या वेळी ते हसले नाहीत, ‘अरेरे’ म्हणाले.

“आज पट्टी कोण लावणार तुला?” बाबांनी विचारलं.

“जमिनीवर ठेवते आणि वर झोपते. सात वर्षं तसंच केलंय.”

“वाकडी लागते ती.”

“लागू दे. कोण बघतंय.”

दोघं थोडा वेळ जेवले. फोनमधून त्यांच्या चमच्याचा आवाजही येत होता. मग बाबा म्हणाले,

“अगं, काल ते मेणबत्तीपाशी काय म्हणालीस तू? मला ऐकू आलं नाही. परत विचारलं असतं तर आवाज झाला असता. पोरगी आत अभ्यास करत होती. म्हणून नुसती मान हलवली.”

माझ्या हातातला एक बूट खाली पडला असता, मी तो गुडघ्याने अडवला.

 टीव्हीवरचा माणूस कोबी विकत होता, किमची घालायचे दिवस जवळ आले म्हणून. मी मनात म्हणत होते, सांग, आता सांग, आता ऐकू येतंय त्यांना. पण एखादी गोष्ट माणूस किती वेळा म्हणू शकतो, तेही सबंध सात वर्षांत पहिल्यांदा म्हटलेली?

“मीठ कमी आहे म्हटलं,” ती म्हणाली. “नूडल्समध्ये.”

“होतंच कमी,” बाबा म्हणाले.

मी मागच्या पावली बाहेर आले आणि जिन्यात बसले. मला रडू आलं की राग आला, ते नीट सांगता येणार नाही, दोन्हीचं नाक सारखंच वाहतं. ही माणसं सात महिने एकमेकांसमोर बसून मुकी होती, आणि ती का मुकी होती तर दाराआड मी होते. संध्याकाळ करायला त्यांना मेणबत्ती लागत नव्हती. मी काय केलं, तर त्यांना अंधारात बसवलं, जिथे बाबांना ओठसुद्धा धड दिसत नाहीत, आणि स्वतः तीन बोटांच्या फटीशी उभी राहिले.

अर्ध्या तासाने मी मुद्दाम पाय आपटत आत गेले. टीव्हीवर कापड होतं. फोन उलटा ठेवलेला. आईने कुजबुजत विचारलं की लवकर कशी आलीस, काही खाल्लंस का. मी तिच्या पाठीला पट्टी लावून दिली. ती म्हणाली, बाबा जरा खाली लावतात. मी काढून परत लावली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या अभ्यासिकेत जाऊन नाव नोंदवून आले. दासोमने विचारलं की घरी विचारलंस का. मी म्हटलं, नाही, सांगणार आहे.

संध्याकाळी बाबा घरी होते. शुक्रवार दुपारला अजून वेळ होता, पण फार नाही. साडेसहाला आई आली, तेलाचा वास, पट्टीचा वास. आम्ही तिघं जेवायला बसलो. कोबीचा रस्सा, तळलेली अंडी, समुद्री शेवाळाची पानं.  बाबांनी खुर्ची मागे घेतली तर मोज्यांमुळे तिचा आवाजही आला नाही. आईने घड्याळाकडे बघितलं. सात वाजले.

मी उठले. खोलीकडे न जाता टीव्हीवरचं कापड काढलं, तो लावला, आणि आवाज वाढवत गेले, शेजारचा कुत्रा भुंकेपर्यंत. आईने सवयीने ओठांवर बोट नेलं. “अगं, हळू,” ती म्हणाली, आणि हे ती कुणाला म्हणतेय ते तिचं तिलाच कळेना, कारण अभ्यास करणारी तर मीच होते.

मग मी टेबलाशी उभी राहिले आणि शाळेत काढते तो आवाज काढला.

“सूचना,” मी म्हटलं. “घरातल्या सगळ्यांसाठी. बाबा ज्या दिवशी घरी असतील त्या दिवशी मी नऊ वाजेपर्यंत शाळेच्या अभ्यासिकेत बसणार आहे. विचारत नाहीये, नाव नोंदवून आलेय. बाकीच्या दिवशी मी इथे, या टेबलावर, टीव्ही चालू ठेवून अभ्यास करणार. मला गोंगाटात जास्त पाठ होतं. खुर्च्यांचे मोजे आज निघतील. कुलूप परत वाजायला लागेल. या घरात यापुढे माझ्यासाठी कुणी कुजबुजायचं नाही. विमानं एकच दिवस थांबवतात, आणि तो दिवस पुढच्या वर्षी आहे.”

बाबा माझ्याकडे बघत होते. सगळं ऐकू येतंय अशा माणसाचा चेहरा मी त्यांच्यावर किती दिवसांनी बघत होते. आईच्या हातातलं शेवाळाचं पान हातातच राहिलं.

मी दारातल्या बाटल्यांची आणि पुठ्ठ्यांची पोती उचलली. गुरुवार हा आमच्या इमारतीत रद्दी आणि बाटल्या वेगळ्या करून टाकायचा दिवस, आणि सावकाश केलं तर त्याला सहज तासभर लागतो.

“मी हे खाली घेऊन जातेय,” मी म्हटलं. “एक तास येणार नाही, आणि दाराआड उभी राहणार नाही. बाबा, मंगळवारी आई मेणबत्तीपाशी जे म्हणाली ते मिठाबद्दल नव्हतं. उद्या मुकादमाला फोन करण्याआधी तिला परत विचारा. आणि आई, या वेळी मोठ्याने सांग.”